एमएलबी द शो : आधी सेटिंग बदला, मग पैसे काढा

न्यू जर्सीत असो की बे एरियात, अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं बेसबॉल खेळत मोठी होताहेत. दुपारी लिटल लीगचा सराव असतो आणि घरी आलं की टीव्हीसमोर ‘एमएलबी द शो’. इकडे महाराष्ट्रातही, क्रिकेटवर वाढलेली आणि आता बेसबॉल कळायला लागलेली मंडळी हा गेम खेळून बघतात. दोन्हीकडून तक्रार मात्र एकच येते : “बॉल बॅटला लागतच नाही.” मग उपाय म्हणून नवा कंट्रोलर येतो, महागड्या खेळाडूंची कार्डं विकत घेतली जातात आणि तरीही बॉल लागत नाही.

या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा सेटिंगमध्ये असतं आणि सेटिंग बदलायला एक पैसाही लागत नाही. म्हणून या मार्गदर्शनात खर्चाचा क्रम मुद्दाम असा लावला आहे : आधी फुकटचे उपाय, मग किरकोळ खर्च आणि शेवटी मोठी खरेदी. याच क्रमाने गेलात तर बऱ्याच जणांना शेवटच्या पायरीपर्यंत जावंच लागणार नाही.

गेमचा मूळ खर्च

हा गेम सोनीचा सॅन डिएगो स्टुडिओ बनवतो आणि साधारण दर मार्चमध्ये, मेजर लीगचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, नवी आवृत्ती येते. ‘द शो २५’ मार्च २०२५ मध्ये पीएस ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस आणि निन्टेंडो स्विचवर आली. पीएस ४ आणि एक्सबॉक्स वन यांच्यासाठी ती निघाली नाही. संगणकावर हा गेम मिळत नाही, त्यामुळे घरात फक्त लॅपटॉप असेल तर खाली दिलेला पर्याय पाहा.

‘द शो २५’ची साधी आवृत्ती पीएस ५ आणि एक्सबॉक्सवर ६९.९९ डॉलरला आणि स्विचवर ५९.९९ डॉलरला आली. डिजिटल डिलक्स ९९.९९ डॉलरची होती. दुकानातून डिस्क घेतली की बहुतेक राज्यांत वर विक्रीकर लागतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, म्हणजे ६९.९९ची डिस्क हातात येईपर्यंत ७४.६३ डॉलर जातात. डिलक्समध्ये मिळतात ती मुख्यतः कार्डांची पाकिटं, गेममधलं चलन आणि काही दिवस आधी खेळण्याची सोय. कंट्रोलर आणि डिफिकल्टीची सगळी सेटिंग्ज साध्या आवृत्तीतही जशीच्या तशी असतात. नवशिक्याने डिलक्स घेण्याचं काही कारण नाही.

थांबायची तयारी असेल तर आणखी वाचतात. गेम दरवर्षी नवा येत असल्याने हंगाम पुढे सरकला की सवलतीचे सेल लागतात. फक्त संगणकाविरुद्ध खेळायचं असेल तर मागच्या वर्षीची आवृत्तीही पुरते, कारण सेटिंगचा सांगाडा दरवर्षी फारसा बदलत नाही. मात्र जुन्या आवृत्तीच्या ऑनलाइन सोयी काही काळाने बंद होतात, हे धरून चाला.

ऑनलाइन दुसऱ्या माणसाविरुद्ध खेळायला वेगळी वर्गणी लागते. अमेरिकेत प्लेस्टेशन प्लसच्या सर्वांत खालच्या योजनेची वार्षिक वर्गणी सप्टेंबर २०२३ पासून ७९.९९ डॉलर झाली. निन्टेंडोची एका व्यक्तीची योजना वर्षाला १९.९९ डॉलरची आहे. एक्सबॉक्सवर ऑक्टोबर २०२५ मधल्या फेररचनेनंतर गेम पासची खालची योजना महिना ९.९९ डॉलरची आहे. ‘द शो’च्या २१ ते २४ या आवृत्त्या गेम पासमध्ये पहिल्या दिवसापासून होत्या, २५ मात्र नव्हती. त्यामुळे वर्गणी आहे म्हणजे गेम फुकट, असं गृहीत धरू नका. आणि फ्रँचायझी (एका संघाचा कारभार चालवणं), रोड टू द शो (एका खेळाडूची कारकीर्द) किंवा संगणकाविरुद्धचा साधा सामना एवढंच खेळणार असाल तर ही वर्गणी भरूच नका.

फुकट उपाय पहिला : टीव्हीचा गेम मोड

बॅटिंगच्या तक्रारीत सर्वांत आधी बघायची ती टीव्हीची सेटिंग. का, ते आकड्यांत बघू.

पिचरची पाटी होम प्लेटपासून ६० फूट ६ इंच अंतरावर असते. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, म्हणजे प्रत्यक्ष अंतर साधारण ५५ फूट उरतं. ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाचा फास्टबॉल हे अंतर ०.४ सेकंदात कापतो. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर चेंडू हातातून सुटल्यापासून प्लेटवर येईपर्यंत तुम्हाला फक्त २४ चित्रं दिसतात. ताशी ८५ मैलांचा चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा भासणारा पण हळू येणारा चेंडू, तेवढ्याच अंतराला सुमारे ०.४४ सेकंद घेतो. फास्टबॉल आणि चेंजअप यांच्यातला सगळा खेळ हा असा तीन चित्रांचा आहे.

आता टीव्हीकडे वळा. रंग खुलवण्यासाठी आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून आजचे टीव्ही प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. हा विलंब १०० मिलिसेकंद असेल तर सहा चित्रं गेली. चोवीसपैकी सहा म्हणजे हाताशी असलेला पाव वेळ टीव्हीनेच खाल्ला. अशा टीव्हीवर कितीही महागडा कंट्रोलर आणलात तरी स्विंग उशिराच होणार.

उपाय सोपा आहे. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम’ किंवा ‘गेम मोड’ निवडा. काही टीव्हींवर त्याला ‘गेम ऑप्टिमायझर’ म्हणतात. कन्सोल ज्या एचडीएमआय खाचेत लावला आहे, त्याच खाचेसाठी तो मोड सुरू झाला का, हे तपासा. कन्सोल साउंडबारमधून फिरवून जोडला असेल तर काही दिवस थेट टीव्हीला जोडून फरक बघा. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि या लेखातल्या कुठल्याही उपायापेक्षा परिणाम मोठा.

फुकट उपाय दुसरा : बॅटिंगची पद्धत

बॅटिंगच्या तीन मुख्य पद्धती आहेत. कुठली निवडता यावर सगळा अनुभव ठरतो.

‘टायमिंग’ पद्धतीत फक्त वेळेवर बटण दाबायचं. चेंडू कुठे येतोय याची काळजी गेम घेतो. बेसबॉलचे नियम आत्ताच शिकणाऱ्या मुलांना आणि टीव्हीसमोर पहिल्यांदाच बसणाऱ्या आजी-आजोबांना हीच द्या.

‘डायरेक्शनल’मध्ये वेळ तुम्ही साधायची आणि डाव्या स्टिकने फटका साधारण कुठल्या बाजूला हवा ते सुचवायचं. बॅट चेंडूला नीट लागते की नाही, हे बरंचसं त्या खेळाडूच्या गुणांवर ठरतं. ऑफिसातून दमून आल्यावर रात्री एखादा सामना खेळणाऱ्याला ही पद्धत पुरेशी आहे.

‘झोन’मध्ये दोन्ही कामं तुमची. डाव्या स्टिकने पीसीआय नावाची खूण चेंडू येईल त्या जागी न्यायची आणि त्याच क्षणी बटण दाबायचं. ऑनलाइन चांगले खेळणारे जवळजवळ सगळे हीच पद्धत वापरतात, कारण कौशल्याचं फळ इथे सर्वांत जास्त मिळतं. शिकायला वेळही हिलाच जास्त लागतो.

प्लेस्टेशनवर क्रॉस म्हणजे साधा स्विंग, सर्कल म्हणजे कॉन्टॅक्ट आणि स्क्वेअर म्हणजे पॉवर. पॉवर स्विंगला पीसीआय लहान होतो, कॉन्टॅक्टला मोठा. नवशिके होम रनच्या मोहात सतत स्क्वेअर दाबतात आणि स्ट्राइकआउट होतात. सुरुवातीला स्क्वेअर विसरूनच जा, चांगला लागलेला साधा स्विंगही कुंपणाबाहेर जातो.

कॅमेरा बदला. मूळ कॅमेऱ्यात चेंडू लांबून येताना लहान दिसतो. ‘स्ट्राइक झोन’ प्रकारातला कॅमेरा जवळ जातो आणि चेंडूची उंची लवकर कळते. झोन पद्धतीला हाच घ्या. पीसीआयचा आकार, रंग आणि पारदर्शकताही बदलता येते. हिरवळीच्या पार्श्वभूमीवर उठून दिसेल असा रंग आणि चेंडू झाकला जाणार नाही असा विरळ आकार निवडा.

क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी एक खास सूचना. आपली नजर टप्प्याची वाट बघते आणि टप्पा पडल्यावर बॅट फिरते. इथे टप्पाच नाही. चेंडू पिचरच्या हातातून सुटतो त्या जागेवर नजर ठेवा आणि निर्णय तिथेच घ्या. कस्टम प्रॅक्टिसमध्ये जाऊन समोरच्या पिचरला फक्त फास्टबॉल टाकायला लावा. प्रत्येक स्विंगनंतर तुम्ही लवकर फिरवलीत की उशिरा, हे गेम सांगतो, ते वाचत जा. सतत ‘लेट’ येत असेल तर आधी टीव्ही तपासा, मग स्वतःची वेळ. कधी ‘अर्ली’, कधी ‘लेट’ येत असेल तर टीव्ही ठीक आहे, सराव हवा. एवढ्या एका तपासणीने अनेकांची पुढची खरेदी टळेल.

फुकट उपाय तिसरा : पिचिंगची पद्धत

पिचिंगमध्ये पाच पद्धती आहेत : क्लासिक, पल्स, मीटर, प्युअर अ‍ॅनालॉग आणि पिनपॉइंट.

क्लासिकमध्ये चेंडूचा प्रकार निवडायचा, जागा दाखवायची, संपलं. पल्समध्ये चेंडूभोवतीचं वर्तुळ लहान-मोठं होत राहतं आणि ते सर्वांत लहान असताना बटण दाबायचं. मीटरमध्ये तीनदा बटण : सुरुवात, जोर आणि अचूकता. प्युअर अ‍ॅनालॉगमध्ये उजवी स्टिक खाली ओढून वर सोडायची. पिनपॉइंट ‘द शो २१’पासून आली. तीत प्रत्येक चेंडूचा एक आकार पडद्यावर दिसतो आणि तो उजव्या स्टिकने गिरवायचा असतो. आकार किती नेमका, गती किती योग्य आणि शेवटचा झटका वेळेवर होता का, या तिन्हींवर चेंडू कुठे पडतो ते ठरतं.

पिनपॉइंट जमली की सर्वांत अचूक आहे. पण तिच्यासाठी उजवी स्टिक निरोगी हवी. स्टिक झिजली असेल तर सरळ झटकाही वाकडा जातो आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलाच अंगठा चुकतोय. म्हणून जुन्या कंट्रोलरवर मीटर किंवा पल्स वापरा. दोन्ही बटणांवर चालतात आणि मीटर तर बरोबर साधलं तर भरपूर अचूक आहे. नवा कंट्रोलर घेण्याऐवजी पिचिंगची पद्धत बदलणं हा ७५ डॉलर वाचवणारा निर्णय ठरू शकतो.

डिफिकल्टी : स्वतःच्या पायरीवर उभे राहा

बिगिनरपासून पायऱ्या सुरू होतात आणि रूकी, व्हेटरन, ऑल-स्टार, हॉल ऑफ फेम, लेजंड अशा वर चढत जातात. पायरी चढली की चेंडू वेगाने येतो, पीसीआय लहान होतो, अचूक वेळेची फट अरुंद होते आणि संगणकाचा बॅटर स्ट्राइक झोनबाहेरच्या चेंडूमागे कमी धावतो.

बरेच जण एक गोष्ट बघतच नाहीत : बॅटिंग आणि पिचिंगची डिफिकल्टी वेगवेगळी ठेवता येते. पिचिंग लवकर जमतं, बॅटिंगला वेळ लागतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मग दोन्हीला एकच पायरी कशाला? पिचिंग ऑल-स्टारवर आणि बॅटिंग व्हेटरनवर ठेवलं तर सामने चुरशीचे होतात आणि कुठलाही डाव रटाळ होत नाही.

आपली पायरी कुठली हे कळत नसेल तर ‘डायनॅमिक’ निवडा. तुमचा खेळ बघून गेम पातळी वर-खाली करतो आणि बॅटिंग-पिचिंगचा हिशेब वेगळा ठेवतो. काही सामने खेळलात की ती ज्या पायरीवर रेंगाळते, ती तुमची खरी जागा. मग हवं तर तीच पायरी पक्की करा.

‘गेमप्ले स्टाइल’ हीही महत्त्वाची निवड आहे. ‘कॅज्युअल’ चुका माफ करते. ‘सिम्युलेशन’मध्ये खेळाडूंच्या गुणांना वजन असतं आणि सामना खऱ्या मेजर लीगसारखा चालतो. ‘कॉम्पिटिटिव्ह’मध्ये तुमच्या हाताच्या कौशल्याला सर्वाधिक महत्त्व. घरात भावंडं खेळत असतील तर कॅज्युअल, एकट्याने पूर्ण हंगाम खेळायचा असेल तर सिम्युलेशन.

ऑनलाइन रँक्ड सामन्यांत ही मुभा नसते. तिथे तुमच्या गुणांकनानुसार पायरी ठरते आणि ते वाढलं की हॉल ऑफ फेम आणि लेजंडही समोर येतात. घरी रूकीवर शंभर धावा काढणारा मुलगा तिथे पहिल्या डावात हताश होतो, यात नवल नाही. त्याला आधी घरी ऑल-स्टारवर स्थिर होऊ द्या, मग ऑनलाइनची वर्गणी भरा.

स्लायडर : एका वेळी एकच

पायरी बरोबर आहे पण एखादीच गोष्ट खटकते, तेव्हा स्लायडरकडे जायचं. प्रत्येक स्लायडर शून्य ते दहा आणि मूळ जागा पाच. तुमच्यासाठी आणि संगणकासाठी वेगळे स्लायडर आहेत. ते फ्रँचायझी आणि संगणकाविरुद्धच्या साध्या सामन्यांत कामाला येतात, स्पर्धात्मक ऑनलाइन सामन्यांत नाही.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही ऑल-स्टारवर खेळताय. ब्रेकिंग बॉल, म्हणजे वळणारे चेंडू, ओळखता येतात, पण फास्टबॉल अंगावर आल्यासारखा वाटतो. इथे पायरी उतरवली तर ब्रेकिंग बॉल फारच सोपे होतील. त्याऐवजी फास्टबॉलच्या वेगाचा स्लायडर पाचवरून चारवर आणा, बाकी सगळं पाचवरच ठेवा. तीन-चार सामने खेळा. सवय झाली की परत पाचवर न्या.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे संगणकाचा पिचर सतत स्ट्राइकच टाकतो, वॉक (चार बॉलवर मिळणारा फुकटचा बेस) मिळतच नाही. त्यावर संगणकाचा ‘स्ट्राइक फ्रिक्वेन्सी’ एक घर खाली आणा. फाउल फार होऊन सामना लांबत असेल तर ‘फाउल फ्रिक्वेन्सी’ कमी करा. मेजर लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो, तेव्हा फ्रँचायझीत इजा आणि स्टॅमिना यांचे स्लायडरही सुरुवातीलाच ठरवून टाका.

नियम एकच : एका वेळी एकच स्लायडर, तोही एकच घर. पाच-सहा एकदम हलवले तर कशाने काय झालं हे कळायला मार्ग राहत नाही. बदलण्याआधी सगळ्या स्लायडरचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

फील्डिंग आणि बेसरनिंग थोडक्यात : सुरुवातीला दोन्ही गेमच्या हातात सोडा. बॅटिंग आणि पिचिंग बसलं की थ्रोसाठी ‘बटन अ‍ॅक्युरसी’ घ्या. बटण दाबून धरायचं आणि मीटर हिरव्या भागात आलं की सोडायचं. बेसरनिंग सगळ्यात शेवटी हातात घ्या.

कंट्रोलर : तपासा, मगच बदला

स्टिक सरकते आहे का हे पाहायला दुकानात जावं लागत नाही. झोन बॅटिंग लावा, कंट्रोलर मांडीवर ठेवा आणि अंगठा उचला. पीसीआय मधोमध स्थिर राहिला तर डावी स्टिक ठीक आहे. आपोआप एका कोपऱ्याकडे सरकायला लागला तर ती झिजली आहे. उजव्या स्टिकसाठी पिनपॉइंटमध्ये तोच फास्टबॉल पुन्हापुन्हा टाकून बघा. झटका दर वेळी एकाच बाजूला कलत असेल तर दोष स्टिकचा असण्याची शक्यता जास्त.

दोष सापडला तर पहिला प्रश्न वॉरंटीचा. पावती शोधा. वॉरंटी असेल तर कंपनीकडे पाठवा, परस्पर उघडू नका, नाहीतर दाव्यात अडचण येऊ शकते. वॉरंटी संपली असेल तर अमेरिकेत साधा ड्युअलसेन्स साधारण ७४.९९ डॉलरला आणि एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर मे २०२५ च्या भाववाढीनंतर ६४.९९ डॉलरला मिळतो.

दोष नसताना सुधारणा हवी असेल तर आधी फुकटचे बदल करा. पीएस ५ च्या सेटिंग्जमध्ये, अ‍ॅक्सेसरीजखाली कंट्रोलरच्या भागात कंपन आणि ट्रिगरचा ताण कमी किंवा बंद करता येतो. कंपन बंद केलं की अंगठा स्थिर राहतो आणि बॅटरीही जास्त टिकते. तिथेच ब्लूटूथऐवजी यूएसबी केबलने जोडण्याचा पर्याय आहे, तोही वापरून बघा.

त्यानंतर किरकोळ खर्च : स्टिकवर बसवायची उंच टोपी. साधारण दहा ते वीस डॉलरमध्ये जोडी मिळते. स्टिक उंच झाली की अंगठ्याचा प्रवास वाढतो आणि पीसीआय बारकाईने हलवता येतो. झोन पद्धतीने नियमित खेळणाऱ्याला ती उपयोगी पडते. टायमिंग किंवा डायरेक्शनलवाल्यांनी तिच्यावर पैसे घालवू नयेत.

सर्वांत वर ड्युअलसेन्स एज. जानेवारी २०२३ मध्ये तो १९९.९९ डॉलरला आला. त्यात स्टिकची संवेदनशीलता आणि मधला मृत भाग बदलता येतो आणि झिजलेली स्टिक १९.९९ डॉलरला वेगळी घेऊन स्वतः बसवता येते. ऑनलाइन रोज खेळणाऱ्या, स्टिक वारंवार झिजवणाऱ्या खेळाडूला तो हिशेबात बसू शकतो. शनिवार-रविवारी खेळणाऱ्या मुलाला साध्या कंट्रोलरपेक्षा त्याचा वेगळा फायदा जाणवणार नाही.

स्टब्ज : पालकांनी इथे लक्ष द्या

गेममधलं चलन म्हणजे स्टब्ज. हजार स्टब्ज ९९ सेंटला, तर दीड लाखांचा सर्वांत मोठा गठ्ठा ९९.९९ डॉलरला. म्हणजे एका गठ्ठ्याला गेमपेक्षा जास्त पैसे जातात. त्यातून डायमंड डायनेस्टी या, खेळाडूंच्या कार्डांतून संघ बांधण्याच्या प्रकारासाठी कार्डांची पाकिटं घेता येतात आणि पाकिटात कोण निघेल हे नशिबावर. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली की हे स्टब्ज तिच्यात नेता येत नाहीत.

मुलांना वाटतं चांगलं कार्ड घेतलं की बॉल लागेल. थोडा फरक पडतो, हे खरं. पण टीव्ही सहा चित्रं खात असेल तर सर्वोत्तम बॅटरही उशिराच फिरवेल. हवंच असेल तर पाकिटाऐवजी गेममधल्या बाजारातून नेमकं हवं ते कार्ड घ्यायला मुलांना शिकवा आणि तेही खेळून मिळवलेल्या स्टब्जमधून. सामने आणि आव्हानं पूर्ण करून ते मिळतातच.

प्लेस्टेशनवर मुलाचं खातं कुटुंबाच्या खात्याखाली उघडा. त्यात महिन्याची खर्चमर्यादा ठरवता येते, ती शून्यावर ठेवा. एक्सबॉक्सवर खरेदीआधी पालकांची परवानगी मागण्याची सोय आहे. कार्डाचा क्रमांक मुलाच्या खात्यात साठवू नका. हे काम गेम सुरू करण्याआधी करा, बिल आल्यावर नाही.

महाराष्ट्रातून घेताना

भारतात बेसबॉलचे गेम दुकानांच्या फळीवर सहज दिसत नाहीत, त्यामुळे अनेक जण अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून डिस्क मागवतात. पीएस ५ ची डिस्क कुठल्याही देशातल्या कन्सोलवर चालते. अडचण पुढे येते. स्टब्ज आणि इतर जादा खरेदी ही खात्याच्या देशाशी बांधलेली असते, त्यामुळे अमेरिकी डिस्कबरोबर भारतीय खात्यातून घेतलेल्या गोष्टी जुळतीलच असं नाही. डिस्क मागवली असेल तर जादा खरेदी टाळा. डिजिटल प्रत घ्यायची असेल तर आपल्या खात्याच्या स्टोअरमध्ये गेम दिसतो का आणि रुपयांत किती पडतो, हे आधी बघा, मगच वर्गणी किंवा गिफ्ट कार्ड घ्या. ऑनलाइन खेळाडू मुख्यतः अमेरिकेतले असल्याने इथून खेळताना इंटरनेटचा विलंबही वाढतो. फ्रँचायझी आणि रोड टू द शो हे इथल्या खेळाडूसाठी जास्त समाधानाचे आहेत.

स्वस्त पर्याय

बेसबॉल आवडेल की नाही याचीच खात्री नसेल तर सत्तर डॉलर लगेच घालू नका. कोनामीचा ‘डब्ल्यूबीएससी ई-बेसबॉल : पॉवर प्रोज’ फेब्रुवारी २०२३ मध्ये पीएस ४ आणि स्विचसाठी अवघ्या ९९ सेंटला आला. स्ट्राइक झोन, चेंडूची जागा आणि वेळ यांचं गणित त्यात कळतं. संगणकावर खेळणाऱ्यांसाठी ‘सुपर मेगा बेसबॉल ४’ आहे. तो जून २०२३ मध्ये ४९.९९ डॉलरला आला आणि स्टीमच्या सेलमध्ये स्वस्त होत असतो. त्यातली डिफिकल्टी ‘इगो’ नावाच्या ९९ पर्यंतच्या आकड्यावर चालते. बॅटिंग, पिचिंग, फील्डिंग आणि बेसरनिंगचा इगो वेगळा ठेवता येतो, त्यामुळे एकेक घर चढत शिकायला तो फार चांगला आहे.

हिशेब एका नजरेत

• गेम मोड, कॅमेरा, बॅटिंग-पिचिंगची पद्धत, डिफिकल्टी, स्लायडर, कंपन : शून्य.
• स्टिकवरच्या टोप्या : १० ते २० डॉलर, फक्त झोनवाल्यांना.
• साधा कंट्रोलर : सुमारे ६५ ते ७५ डॉलर, स्टिकचा दोष सिद्ध झाल्यावरच.
• ऑनलाइन वर्गणी : वर्षाला सुमारे २० ते १२० डॉलर, ऑल-स्टारवर स्थिर झाल्यावर.
• ड्युअलसेन्स एज : १९९.९९ डॉलर, रोजच्या ऑनलाइन खेळाडूलाच.
• विकतचे स्टब्ज : नकोत.

दर बदलत राहतात, म्हणून खरेदीच्या दिवशी अधिकृत स्टोअरवर एकदा खात्री करून घ्या. क्रम मात्र बदलू नका. आज रात्री टीव्हीचा गेम मोड लावा, बॅटिंगची डिफिकल्टी एक पायरी उतरवा, कॅमेरा स्ट्राइक झोनवर आणा आणि आठवडाभर तेवढ्यावर खेळा. त्यानंतरही अडलं तरच पैसे काढा.